चिमटा कुठे लावला

काम संपलं तरी मोहितेबाई इंजिन लगेच बंद करत नसत. वेल्डिंगचा शेवटचा रॉड जळून संपलेला असायचा, होल्डर हुकाला अडकवलेला, हेल्मेट काढून बाईंनी घामाने चिकटलेले केस मागे सारलेले, आणि तरी मशीनला वीज पुरवणारं ते डिझेल इंजिन आपलं मंद लयीत धडधडतच राहायचं. माझा वर्ग वर्कशॉपच्या भिंतीला लागून. मी खिडकीतून ओरडायचो, "बाई, झालं ना काम, करा की आता बंद." त्या हात वर करून थांबा म्हणायच्या. उत्तर मिळायचं ते दुपारी चहाला भेटल्यावर. "पळत आलेल्या माणसाला कोण लगेच आडवं करतंय का ओ सर? जरा दम खाऊ द्यावा त्याला."

त्या सांगलीकडच्या, मी अकोल्याचा. चंदीगडमधल्या एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत दोन मराठी माणसं नोकरीला असणं हेच नवल, त्यात बाई वेल्डिंग शिकवतात म्हटल्यावर लोक मला पुन्हा विचारायचे, "सर की मॅडम?" त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात, बदलीवर इकडे आलेले. बाईंनी लग्नाआधीच वेल्डिंगचा कोर्स केला होता. हाच का केला असं विचारलं तर म्हणायच्या, "शिवणकामाच्या जागा भरल्या होत्या." याच्या पलीकडे त्यांचं चरित्र मला ठाऊक नाही. मी मुलांना इंग्रजी बोलायला आणि मुलाखतीत ताठ बसायला शिकवतो. लोखंडाला लोखंड कसं जोडतात यातलं मला जे चार आणे कळतं, ते बाईंनीच चहा पिता पिता सांगितलेलं.

पहिल्याच पावसाळ्यात माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती चपातीच्या डब्यावरून. स्टाफरूमच्या टेबलावर एक झाकणाचा मोठा डबा होता, पोळ्या गरम राहाव्यात म्हणून ठेवतात तसला. सांगलीच्या बाई, म्हणजे आत चपात्या आणि तिखट चटणी असणार, या आशेने मी झाकण उघडलं. आत फडक्यात गुंडाळलेले वेल्डिंगचे रॉड निघाले, भट्टीतून नुकतेच काढलेले, ऊन ऊन. मागून आवाज आला, "वानखडे सर, तुमच्याकडं हे खात्यात का?" इथली पावसाळी हवा दमट, आणि काही रॉड ओल धरतात. ओला रॉड वापरला की जोड वरून सुरेख दिसतो आणि आतून भुसभुशीत निघतो. म्हणून बाईंनी घरातला बरा डबा आणून त्यात रॉड घातले होते आणि यजमानांच्या पोळ्या स्टीलच्या साध्या डब्यात पाठवत होत्या. मोहितेसाहेब मला एकदा हताशपणे म्हणाले, "आमच्या घरात गरम खायचा मान रॉडांना आहे."

कामावर त्या ओढणी घेत नसत, जाड सुती सलवार-कमीज आणि वर गुडघ्यापर्यंतचा चामडी एप्रन. पोरं सगळी पंजाब-हरियाणाची, बाईंच्या दीडपट उंच. त्यांच्याशी बाई आपल्या सांगलीच्या हिंदीत बोलायच्या आणि रागावल्या की सरळ मराठीत. त्यामुळे आमच्या संस्थेतले सरदार पोरगे एकमेकांना "हळू, हळू" म्हणायला शिकले होते. नवशिक्याचा रॉड हमखास चिकटतो. ठिणगी पाडायला जावं तर रॉड लोखंडाला डसून बसतो, इंजिन गुरगुरायला लागतं, पोरगं घाबरून हिसके देत सुटतं आणि बाकीचे हसतात. बाई शांतपणे म्हणायच्या, "चिपका तो चिपका. उसमें शरम नहीं. खींचते बैठने में शरम है. होल्डर छोड़ो, फिर से लगाओ." जोड चांगला चाललाय की नाही हे त्या पाठमोऱ्या उभ्या राहून सांगत. कढईत भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा तडतडाट आला पाहिजे. आवाज फुटला की न बघताच म्हणायच्या, "दूर गया. पास लाओ."

पण त्यांचा खरा मंत्र चिमट्याचा. तो मला आजही पाठ आहे, कारण पुढचं सगळं त्या चिमट्यावरूनच घडलं. वेल्डिंगच्या मशीनमधून दोन जाड वायरी निघतात. एकीच्या टोकाला रॉड धरायचा होल्डर, दुसरीच्या टोकाला अर्थिंगचा चिमटा. ज्या लोखंडावर काम करायचं त्याला चिमटा लावला की वीज रॉडमधून लोखंडात जाते आणि चिमट्यातून परत मशीनमध्ये येते. बाई सांगायच्या, चिमटा जोडाच्या अगदी शेजारी लावायचा, जिथे जागा मिळेल तिथे नाही. "करंट को घर जाना है. रास्ते में किसका घर जलेगा, वो तुम देखो."

आमच्या फाटकाबाहेर रामसुमेरचा उसाच्या रसाचा गाडा असे. उत्तर प्रदेशातले दोघे भाऊ, थोरला रामसुमेर, धाकटा दिनेश. थोरला चरकात ऊस घालायचा, धाकटा गाड्यामागचं छोटं इंजिन सांभाळायचा. थोरला बोलका, गिऱ्हाईकाला लिंबू जास्त पिळून देणारा. धाकटा गप्प, लग्नाचं वय झालेलं, तरी थोरल्याच्या शब्दाबाहेर न जाणारा. बाईंना त्या गाड्याचं फार कौतुक. दुपारच्या चहापेक्षा तिथला रस बरा म्हणून त्या मलाही ओढून न्यायच्या आणि म्हणायच्या, "ऊस बघितला की गावाकडं गेल्यागत वाटतंय."

एका एप्रिलमध्ये संस्थेच्या बाहेरच्या रेलिंगचं काम निघालं. तिथे विजेची सोय नाही, म्हणून बाईंनी दोन चाकांच्या गाड्यावरचं ते इंजिनवालं मशीन रस्त्यावर आणलं. रामसुमेर हात जोडून आला. चरकाच्या मोठ्या चाकाचा एक आरा तडकला होता. बाई म्हणाल्या, आत्ता लावून देते. रेलिंगकडून रसाच्या गाड्यापर्यंत होल्डरची वायर पोचली, चिमट्याची हातभर कमी पडली. चिमटा चाकाला लावायचा तर आठ-दहा मणांचं मशीन पुढे ढकलायला हवं, आणि रस प्यायला आलेली गिऱ्हाइकं खोळंबलेली. गाड्याच्या चौकटीची एक कडा घासून, रंग उडून चकचकीत झाली होती. बाईंनी चिमटा तिथे लावला, तो आरा चुटकीसरशी जोडला, दोघा भावांनी टाळ्या वाजवल्या आणि बाईंनी पोरांना रसाची मेजवानी दिली. मी तिथेच ग्लास घेऊन उभा होतो. मला काहीच वावगं दिसलं नाही आणि दिसणारही नव्हतं.

जूनमध्ये एका दुपारी चरक अडकला. ऊस अर्धा आत, अर्धा बाहेर, चाक हलेना, इंजिनाचा पट्टा त्यावर नुसता घसरत राहिला. रामसुमेरने धाकट्याला इंजिन बंद कर म्हणून ओरडून सांगितलं आणि अडकलेला ऊस ओढायला हात घातला. चरक एकदम सुटला, फिरला, आणि रामसुमेरच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. बाईंनीच आपल्या एप्रनवर त्याचा हात धरून त्याला रिक्षात घातलं.

हात बरा झाला, पण भाऊ तुटला. इंजिन वेळेवर बंद केलं नाही म्हणून रामसुमेरने भर रस्त्यात दिनेशला नाही नाही ते ऐकवलं आणि हाकलून दिलं. दिनेश गमछा खांद्यावर टाकून निघून गेला. गाड्यावर गावाकडचा दुसराच कुणी मदतीला आला. मिस्त्रीने चरकाचं जाम झालेलं बेअरिंग बदलून दिलं आणि ते जुनं बेअरिंग उसावर झाकलेल्या ओल्या पोत्यावर वजन म्हणून बसलं.

ऑगस्टमध्ये असेल, आम्ही रसासाठी थांबलो होतो. बाईंनी बोलता बोलता ते बेअरिंग उचललं आणि सहज बोटाने फिरवलं. ते खरखरलं. पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढून (बायकांच्या पर्समध्ये काय काय असतं यावर मी तोवर बरेच विनोद केले होते) त्यांनी त्याचं झाकण उचकटलं, ग्रीस रुमालाला पुसलं आणि उन्हात धरून बघितलं. आतल्या गोळ्या फिरतात त्या गुळगुळीत वाटेवर बारीक काळे खळगे होते, देवीच्या व्रणांसारखे. रस न घेताच, बेअरिंग मुठीत धरून त्या परत फिरल्या. वर्कशॉपमध्ये येऊन स्टुलावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "सर, हे मी केलंय."

मग त्यांनी समजावलं. त्या दिवशी रॉड चाकावर होता आणि चिमटा चौकटीवर. या दोघांच्या मध्ये एकच वाट, ती चाकाचा आस ज्यावर फिरतो त्या बेअरिंगमधून. सगळी वीज त्या छोट्या गोळ्यांवरून ठिणग्या पाडत घरी गेली. त्या खळग्यांवरून बेअरिंग महिना-दोन महिने खरखरत फिरलं आणि शेवटी जाम झालं. "अडकलं नसतं तर त्यानं हात घातलाच नसता. दिनेशचा काय संबंध? मी रोज पोरास्नी जे सांगते तेच मी केलं न्हाई. हातभर वायरीसाठी."

आता त्यांनी जाऊन सांगायचं, एवढंच उरलं होतं. पण ते काही केल्या होईना. मोहितेसाहेब म्हणाले, "तू भलं करायला गेली होतीस. बोलून त्याची बोटं परत येणार आहेत का?" बाई मला म्हणाल्या, "बोटं न्हाई येणार. भाऊ येईल." एवढं कळत असूनही त्या गेल्या नाहीत. त्या वर्षी त्यांच्या वर्गात पहिल्यांदाच दोन मुली आल्या होत्या. बाईंना भीती होती ती स्वतःच्या नावाची नव्हती. लोक म्हणणार, बाईमाणसाच्या हातात मशीन दिलं, दुसरं काय होणार, आणि त्या दोघींचे बाप दुसऱ्या दिवशी त्यांना घरी नेणार. हे कारण खोटं नव्हतं. पण त्या स्वतःच एकदा म्हणाल्या, "खरं कारण असलं की लई सोयीचं पडतं बघा."

त्या दिवसांत बाई सुकत गेल्या. रसाच्या गाड्यासमोरून जावं लागू नये म्हणून मागच्या फाटकाने यायला लागल्या. वर्गात कुणी रॉड हातात घेतला की आधी जाऊन त्याचा चिमटा स्वतःच्या हाताने हलवून बघायच्या, दहा वेळा सांगितलेलं अकराव्यांदा सांगायच्या, आणि पोरं एकमेकांकडे बघायची. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला मखराचा लोखंडी सांगाडा दरवर्षी त्या करत. त्या वर्षी निरोप पाठवला, "यंदा दुसरं कुणी करा, माझा हात बरा न्हाई." हाताला काही झालेलं नव्हतं. ते बेअरिंग त्यांच्या पर्समध्ये असायचं. रामसुमेरने पोत्यावर त्याच्या जागी वीट ठेवली होती.

रोज चहाला त्या म्हणायच्या, उद्या सांगते. दसरा झाला, दिवाळी झाली. थंडी पडल्यावर रसाचा गाडा बंद झाला आणि त्याच जागी रामसुमेरने भुईमुगाच्या शेंगांची हातगाडी लावली, वर मडक्यात निखारे. डिसेंबरात एका संध्याकाळी, धुकं उतरायला लागलं होतं, बाई माझ्या वर्गाच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. बोलू नका काही, नुसतं उभं राहा."

मी उभा राहिलो. बाईंनी बेअरिंग शेंगांच्या ढिगावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, चिमटा कुठे लावला इथपासून. आपल्या तोडक्यामोडक्या हिंदीत, पण एक शब्द न झाकता. रामसुमेरने ऐकताना शेंगा हलवायचं थांबवलं नाही. उरलेल्या तीन बोटांत त्याने झारा धरलेला होता. शेवटी त्याने विचारलं, "आपको कब पता चला, मैडम जी?"

"बारिश में," बाई म्हणाल्या.

त्याने झारा खाली ठेवला. "दशहरे के बाद अम्मा गुज़र गईं. हमने छोटे को ख़बर नहीं की. हमने कहा, जिसने भाई का हाथ ले लिया वो कंधा क्या देगा." मग अजिबात आवाज न चढवता तो म्हणाला, "चिमटे की गलती तो हो जाती है, मैडम जी. आप बारिश में बोल देतीं."

त्याने बेअरिंग बाईंना परत दिलं आणि कागदात शेंगा बांधून आमच्या हातात दिल्या. गिऱ्हाईक आलं की द्यायच्याच असतात, तशा. त्या पुडीची ऊब हातात धरून आम्ही बसस्टॉपपर्यंत चालत गेलो. बाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बेअरिंगचं पाप फिटलं असतं ओ सर. ह्याचं कुठं फिटायचं?"

दिनेश पंचकुल्याला गाड्या धुतो असं रामसुमेरने सांगितलं होतं. पुढच्याच रविवारी बाई मला घेऊन तिकडे गेल्या. गारठ्यात तो गुडघाभर रबरी बुटांत उभा राहून कुणाची तरी पांढरी मोटार पुसत होता. आई गेल्याचं त्याला गावच्या माणसाकडून महिन्याने कळलं होतं. बाईंनी त्यालाही सगळं सांगितलं. तो काचेवरून फडकं फिरवत राहिला. मग म्हणाला, "मैंने इंजन बंद कर दिया था. बंद करने पर भी इंजन का चक्का एकदम नहीं रुकता. ये बात आपसे अच्छा कौन जानता है." आणि विचारलं, "भैया को बोल दिया आपने?" बाईंनी मान डोलावली. "अब बोला," तो म्हणाला. विचारलं का सांगितलं, ते मला कळलं नाही. बाईंना बहुधा कळलं असावं, कारण येताना बसमध्ये त्या खिडकीबाहेरच बघत राहिल्या.

त्यांनी वर्गातही सांगितलं. एकेका तुकडीला समोर बसवून ते बेअरिंग हातोहात फिरवलं आणि म्हणाल्या, हे माझ्या हातून झालंय, आणि झाल्यावर मी चार महिने गप्प बसले. मुलींच्या बापांपैकी कुणीही आलं नाही. बाईंना त्याचंही वाईटच वाटलं. ज्या भीतीपोटी गप्प बसल्या ती भीती मुळात पोकळ निघाली होती.

मार्चअखेर मोहितेसाहेबांची बदली नागपूरला झाली. सामान बांधून झालं होतं, आणि शेवटच्या आठवड्यात रामसुमेर वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला. रसाचा गाडा पुन्हा लावायचा होता. चाकाचा दुसरा एक आरा तडकला होता.

बाई म्हणाल्या, "मी पोराला पाठवते, चांगला हात हाय त्याचा."

"नहीं," रामसुमेर म्हणाला. "आप."

आम्ही मशीन बाहेर काढलं. या वेळी बाईंनी ते थेट गाड्याला खेटून उभं केलं. गाड्यामागे दिनेश ऊस सोलत बसला होता. तो होळीच्या सुमारास परत आला होता, पण दोघा भावांचं बोलणं अजून सरळ होत नव्हतं. थोरला मला सांगायचा, "उससे कहिए बाल्टी हटा ले," आणि मी सांगायच्या आत धाकटा बादली हटवायचा. बाईंनी इंजिन सुरू केलं, गरम होऊ दिलं, आणि चिमटा उचलायला वाकल्या. रामसुमेरने तो आधीच उचलला होता. आपल्या तीन बोटांच्या हाताने त्याने चिमट्याचा जबडा दाबून उघडला आणि चाकावर, तडकलेल्या आऱ्याला अगदी चिकटून लावला. मग बाईंच्या सवयीप्रमाणे हलवून बघितला.

बाईंनी हेल्मेट खाली ओढलं. ठिणगी पडली, आणि रॉड चिकटला. एवढ्या वर्षांत मी त्यांचा रॉड चिकटलेला कधी बघितला नव्हता. इंजिन गुरगुरायला लागलं. बाई तशाच उभ्या, होल्डर हातात घट्ट धरून. गाड्यामागून दिनेशचा आवाज आला, "छोड़ दीजिए, मैडम जी. फिर से लगाइए." बाईंनी होल्डर सोडला, रॉड हिसकून काढला, नवा लावला.

वेल्डिंगच्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नसतं, म्हणून आम्ही तिघांनी तोंडं फिरवली. संस्थेच्या भिंतीवर बाईंची सावली मोठी होऊन थरथरत होती, आणि मागून भजी तळल्यासारखा आवाज येत होता, सुरुवातीला तुटक, मग एकसारखा.

जोड झाला. बाईंनी हातोडीने वरचं कवच पाडलं, ब्रश मारला, होल्डर अडकवला, हेल्मेट काढलं. नेहमीप्रमाणे इंजिन मंद चालू ठेवलं आणि त्याच्या शेजारी, पाठ आमच्याकडे करून, उभ्या राहिल्या. दिनेशने रसाचा ग्लास आणून मशीनवर ठेवला. इंजिन धडधडत होतं. दम खाऊन व्हायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ते धडधडत राहिलं. बंद केलं तर वळून काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि बोलायचं ते बाईंनी फार उशिरा बोलून टाकलेलं होतं.

शेवटी रामसुमेर पुढे झाला. त्याने तोच हात लांब करून खटका खाली ओढला. इंजिन दोन-तीन वेळा धापलं आणि थांबलं.

"बस, मैडम जी," तो म्हणाला. "ठंडा हो गया."

बाईंनी ग्लास उचलला. वळल्या मात्र नाहीत. मला त्या शेवटच्या आठवतात त्या अशाच पाठमोऱ्या, एका हातात उसाचा रस आणि दुसरा हात अजून त्या मशीनवर ठेवलेला.